लाइट गेल्यानंतरचे लॉगिन आणि वापराच्या नोंदी : आपल्या अभिप्रायाला उत्तर

आदरणीय ग्राहक,

लाइट जाऊन आल्यावर पासवर्ड बरोबर असूनही बराच वेळ इंटरनेट सुरू होत नाही, एका युजरनेमवर शेजारच्या इमारतीतला राउटर चालू दिला जात नाही, आणि वापराच्या नोंदी ठेवून आम्ही ग्राहकांवर पाळत ठेवतो, असे आपण लिहिले आहे. लातुरात शिकवणीच्या मुलांना खोल्या देणारे इतर घरमालकही पहिले दोन प्रश्न विचारतात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आपल्या राउटरने पाठवलेले युजरनेम आणि पासवर्ड आमचा रॅडियस सर्व्हर (लॉगिन तपासणारा आणि वापराचा हिशेब ठेवणारा संगणक) तपासतो, प्लॅनप्रमाणे वेग आणि सेशनची, म्हणजे लॉगिनपासून जोडणी तुटेपर्यंतच्या वापराची, मर्यादा ठरवून देतो आणि जोडणी लागली की तिचे खाते, म्हणजे वापराची नोंद, उघडतो. पासवर्डची विचारणा सर्व्हरच्या १८१२ या पोर्टवर (संदेश येण्याच्या क्रमांकित मार्गावर) होते, तर खात्याच्या नोंदी १८१३ वर स्वतंत्रपणे येतात. त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही खाते अडलेले असू शकते. राउटर नीट बंद झाला तर सेशन संपल्याची नोंद लगेच येते, पण लाइट अचानक गेली की राउटर काहीच कळवू शकत नाही. आपला राउटर ज्याला जोडलेला असतो ते आमचे उपकरण थोडा वेळ वाट पाहून ती नोंद स्वतः सर्व्हरला पाठवते; मात्र त्या भागातले उपकरणही त्याच वेळी बंद पडले, तर सर्व्हरच्या लेखी जुने सेशन चालूच राहते आणि एका युजरनेमवर एका वेळी एकच सेशन चालत असल्याने नवे लॉगिन नाकारले जाते. अशा वेळी पासवर्ड बदलून काहीही उपयोग नसतो.

चालू सेशनची नोंद आमच्याकडे दर १० मिनिटांनी येते आणि सलग दोन नोंदी चुकल्या की सर्व्हर ते सेशन बंद धरतो. ही मुदत आणखी कमी करावी अशी आपली सूचना आहे, पण तसे केल्यास लाइन क्षणभर डळमळली तरी चालू सेशन संपलेले धरले जाईल, आणि परीक्षेच्या दिवसांत तो त्रास अधिक मोठा ठरेल. कार्यालयात फोन केल्यास अडकलेले सेशन हाताने लगेच काढता येते. राउटरला छोटा यूपीएस लावला तर बहुतेक वेळा फोन करण्याचीही गरज पडत नाही.

एक युजरनेम दोन इमारतींत चालवण्याची परवानगी मात्र आम्ही देणार नाही. एखाद्या वेळी अमुक आयपी पत्ता (इंटरनेटवर जोडणीला मिळणारा क्रमांक) कोणाकडे होता, अशी विचारणा पोलिसांकडून झाली, तर नोंदीत नाव आपलेच निघेल, वापर कोणी का केलेला असेना. शेजारच्या इमारतीसाठी वेगळी जोडणी घ्यावी.

राहिला प्रश्न पाळतीचा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्यांना आपल्या यंत्रणेचे लॉग, म्हणजे नोंदी, १८० दिवस जपून ठेवावे लागतात. ही आमची हौस नव्हे. रॅडियसच्या खात्यात सेशनची वेळ, आयपी पत्ता, राउटरचा मॅक पत्ता (त्या यंत्राचा ओळख क्रमांक) आणि आलेल्या-गेलेल्या डेटाचे प्रमाण एवढेच असते. कोणी कोणता व्हिडिओ पाहिला, हे त्यात येत नाही. “एवढा डेटा आम्ही वापरलाच नाही” असेही आपण म्हटले आहे. या आकड्यात अपलोडही धरला जातो, आणि जिन्यातला कॅमेरा रात्रंदिवस क्लाउडवर चित्रण पाठवत असेल तर तो लक्षात न येता फुगतो. आपले प्रत्यक्ष आकडे येथे जाहीर करणे योग्य नाही. नोंदणीकृत मोबाइल घेऊन कार्यालयात यावे, सेशननिहाय उतारा आपल्यासमोर काढून दाखवू.