डबीच्या नक्षीमागचा 'आळशीपणाचा कर'
चिनी अफूच्या डब्यांवरचा तुमचा लेख वाचला आणि त्यातल्या शिंगाच्या आणि पितळेच्या डब्यांचे फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. झाकणावरचं कोरीवकाम खरंच अप्रतिम! पण या डब्यांत भरायची अफू यायची कुठून, हे लेखात एका ओळीत उरकलंय, ते मला खटकलं.

१९१६ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई वारल्यावर प्रांतोप्रांती लष्करी सरदार माजले आणि फौजांचा पगार अफूतून निघू लागला. सिचुआन, युन्नान, ग्वीचौमध्ये कितीतरी शेतकऱ्यांवर अफू लावण्याची सक्ती झाली. जो लावणार नाही त्याच्यावर कर, आणि त्याचं नाव काय, तर 'आळशीपणाचा कर'! पोटासाठी गहू पेरणारा माणूस आळशी? पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. हा माल यांगत्से नदीतून शांघायला उतरायचा. तिथल्या फ्रेंच वसाहतीत दू युएशेंग या गुंडाच्या टोळीचा या धंद्यावर ताबा होता.

आणि त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातूनच चीनला जात होती. जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती त्या व्यापारातूनही उभी राहिली. लेखाच्या पुढच्या भागात यावर सविस्तर लिहाच, ही कळकळीची विनंती.