‘बंदी फसली आहे’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ई-सिगारेटवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मनापासून आणि रागाने लिहिलंत. २०१९ ची बंदी गुटखाबंदीसारखीच फसली, तिचा फायदा सिगारेट कंपन्यांनाच होतो, ब्रिटनसारखे नियम घालून विक्रीला परवानगी द्यावी, असं तुमचं म्हणणं. शिवाय वीस वर्षांची सिगारेट तुम्ही व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्याच, आधाराने सोडलीत, म्हणून माझा लेख तुम्हाला उंटावरून शेळ्या हाकणारा वाटला.

सिगारेट सुटली याचा खरंच आनंद आहे. व्हेपमुळे काहींची सिगारेट सुटते हे संशोधनातही दिसलंय. ते माझ्या लेखात यायला हवं होतं, राहून गेलं.

पण मी लिहायला बसलो तो नववीतल्या एका मुलामुळे. मी शाळेत शिकवतो. त्याच्या कंपासपेटीत हायलायटरसारखी दिसणारी वस्तू सापडली. टोपण काढलं तर आंब्याचा वास. या मुलाने सिगारेट कधी हातातही धरली नव्हती, मग सोडायची कुठली? वडील आले आणि म्हणाले, “सर, नुसती वाफ आहे ती.” त्या वाफेत निकोटिन असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

आता गुटख्याचं. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तरी तो मिळतो, हे कोण नाकारेल? पण गुटखा कुठल्याही शेडमध्ये सुपारी-तंबाखू कालवून होतो, रातोरात राज्याची हद्द ओलांडतो. बॅटरी, कॉइल आणि द्रव भरलेलं हे यंत्र तसं होत नाही. ते बहुतांशी चीनमधून, बंदरातून नाहीतर विमानतळावरून येतं. दारं मोजकी आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये मुंद्रा बंदरावर महसूल गुप्तचर संचालनालयाने सुमारे दोन लाख ई-सिगारेटी पकडल्या, किंमत अंदाजे ४८ कोटी रुपये. म्हणजे मनावर घेतलं तर माल सापडतो.

माझी तक्रार शिक्षेबद्दल आहे. ई-सिगारेटबंदीच्या कायद्यात पहिल्यांदा विकताना सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा सापडला तर सहा महिने किंवा पन्नास हजार. सीमाशुल्क कायदा वेगळा लागतो हे खरं, पण कोटींचा माल फिरवणाऱ्याला पन्नास हजार म्हणजे किरकोळ खर्च. २०२३ मध्ये केंद्राने बंदी नीट राबवण्याची जाहीर सूचना काढली, पंधरा संकेतस्थळांना नोटिसा दिल्या, तक्रारीसाठी पोर्टल उघडलं. चांगलं झालं. पण विक्रेता एक खातं बंद झालं की दुसरं उघडतो आणि माल कुरिअरने घरपोच येतो. टपरीवाला पकडला जातो, त्याला माल पुरवणारा गोदामवाला सुटतो. कारवाई तिथे पोचेपर्यंत मी लिहीत राहणार.

ब्रिटनमध्ये अठराखालच्यांना विक्री बंद आहे, निकोटिनला मर्यादा आहे. तरी एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर त्यांना १ जून २०२५ पासून बंदी घालावी लागली. मुलांमधला वाढता वापर हे त्याचं एक कारण होतं.

सिगारेट उघड विकली जाते आणि व्हेप बंद, ही विसंगती मलाही खटकते. त्यासाठी सिगारेटवर आणखी कडक व्हावं, दुसरं दार कशाला उघडायचं? आणि आपल्याकडचा मोठा प्रश्न धुराचा नाहीच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात बिनधुराचा तंबाखू घेणारे प्रौढ २४.४ टक्के होते, धूम्रपान करणारे ३.८ टक्के. मळलेली तंबाखू खाणाऱ्याला व्हेपने काय मिळणार?

तुम्ही शेवटी विचारलंत, ‘मग माझ्यासारख्याने काय करायचं?’ सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन मोफत. निकोटिनचा च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळतो. किती आणि कधीपर्यंत घ्यायचा हे मात्र डॉक्टरांना विचारा. हातातलं यंत्र संपलं की नवं मागवण्याआधी एकदा तो फोन करून पाहा आणि काय झालं ते इथेच कळवा.