बिकेल यांचे 15 गोल: एका आक्षेपाला उत्तर

स्विस फुटबॉल संघाचे आघाडीपटू फ्रेडी बिकेल यांच्यावरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत: दुसऱ्या महायुद्धापूर्वी आणि नंतरही विश्वचषक खेळलेले ते एकमेव नव्हेत, 71 आंतरराष्ट्रीय सामन्यांत 15 गोल ही बेताचीच कामगिरी आहे, आणि त्यांची दीर्घ कारकीर्द ही तटस्थ देशात राहिल्याची कृपा आहे.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. स्वीडनचे एरिक निल्सन हेही 1938 आणि 1950 अशा दोन्ही स्पर्धांत खेळले. 'एकमेव' हा शब्द मी मूळ लेखातून काढला आहे.

गोलांच्या हिशेबाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. बिकेल ज्यांच्या हाताखाली घडले, ते कार्ल रापान झुरिकचा ग्रासहॉपर्स क्लब आणि स्विस संघ, दोन्हींचे प्रशिक्षक होते. दाराच्या कडीचे नाव मिळालेल्या त्यांच्या पद्धतीत सर्वांत मागे एक मोकळा बचावपटू ठेवून सारा संघ आपल्या अर्ध्यात मागे सरत असे, आणि आघाडीच्या खेळाडूंनाही परतून बचावाला हात द्यावा लागे. अशा संघातल्या आघाडीपटूला केवळ गोलांनी तोलणे मला पटत नाही. शिवाय गोल कधी झाला, हेही पाहायला हवे. 9 जून 1938 रोजी पॅरिसमध्ये विश्वचषकातल्या जर्मनीविरुद्धच्या फेरलढतीत स्वित्झर्लंड 0-2 असा मागे होता. मध्यंतरापूर्वी वालाशेक यांनी एक गोल फेडला, 64व्या मिनिटाला बिकेल यांनी बरोबरी साधली आणि मग आबेग्लेन यांच्या दोन गोलांनी निकाल 4-2 झाला. बिकेल यांचा जन्म जर्मनीतल्याच एपस्टाइनचा, हे आठवले की तो गोल मला अधिकच मोठा वाटतो. उलट 28 जून 1950 रोजी साव पावलोत यजमान ब्राझीलला 2-2 असे रोखले गेले, तेव्हा दोन्ही गोल फातों यांचे होते. 32 वर्षांचे बिकेल त्या सामन्यात खेळले, पण आपल्या हिशेबात तो सामना कोराच राहतो.

तटस्थतेचा मुद्दा अर्धा खरा आहे. युद्धकाळातही स्विस लीग चालू राहिली, आणि बिकेल यांनी ग्रासहॉपर्सकडून मिळवलेल्या 7 लीग विजेतेपदांपैकी 1942 आणि 1943 ची दोन त्याच काळातली आहेत. निल्सनही तटस्थ देशाचेच, हे आपल्या बाजूने जाते. पण ती तटस्थता 1938 च्या सगळ्याच स्विस खेळाडूंच्या वाट्याला आली होती. त्यांच्यापैकी 12 वर्षांनी ब्राझीलमध्ये विश्वचषकाच्या मैदानावर उतरले ते एकटे बिकेल.