उणे पाण्यातली बागायत: उजनीकाठच्यांसाठी सूचना

उजनी शून्यावर आली, अशी बातमी वाचून ऊस मोडायला निघू नका. शून्य टक्के म्हणजे ४९१.०३ मीटर पातळी आणि धरणात तब्बल ६३.६६ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी. याला कागदावर मृतसाठा म्हणतात. वरचा ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा संपला की याच्यातून ओव्हरड्राफ्ट सुरू होतो, आणि तो उपयुक्त साठ्याच्या टक्क्यांतच सांगायचा असतो. उणे ६० म्हणजे ३२ टीएमसी मृतसाठा उपसून झाला. २०२४च्या उन्हाळ्यात आपण तिथपर्यंत पोचलो होतो आणि तरीही खाली ३१ टीएमसी होतेच की! टीएमसीचे लिटर मात्र करत बसू नका. एकात २८३१ कोटी लिटर बसतात, उगाच झोप उडते.

आता मोटारीचे. इंदापूर, करमाळा, दौंडकडचा काठ सपाट आहे, त्यामुळे पातळी हातभर उतरली की पाणी नजरेआड जाते. त्याच्या मागे जाणे हा आपला उन्हाळी उद्योग. रिकामे प्लॅस्टिकचे ड्रम बांधून तराफा करा, त्यावर मोटार ठेवा आणि दर आठवड्याला पाइप जोडत चला. वीस फुटी नळ्या संपल्या की शेजाऱ्याच्या आहेतच. केबल वाढवताना जाडी वाढवू नका, खर्च होतो. लांब आणि बारीक केबलीत व्होल्टेज पडते, मोटार जास्त अँपिअर ओढते आणि वाइंडिंग जळते. पण रिवाइंडिंगवाल्यानेही जगायला नको का? जोडावर टेप गुंडाळा आणि तो ओल्या गाळातून ओढा. शॉक बसेपर्यंत त्यात काही धोका नाही.

मोटार काठावरच ठेवायची असेल तर पाण्यापासून फार उंच नको. सात मीटरच्या पुढे पाणी खेचता खेचता ती हवाच पिते. मग पोकलेन आणून गाळातून चारी खणा. कडेचा गाळ दोन दिवसांत आत ढासळतो, फुटबॉलची (पाइपच्या तोंडाच्या फूट व्हॉल्व्हची) जाळी भरते, इंपेलर झिजतो. पुन्हा पोकलेन बोलवा. तासाचा दर विचारू नका, तुमच्या आधी पाच जणांनी वाढवून ठेवलेला असतो. ठिबकचा विषय कोणी काढलाच तर मान डोलवा आणि पाटाचे दार उघडा.

शहराची काळजी आपली नाही. सोलापूरला पाणी लागले की भीमा नदीत पाच-सहा टीएमसी सोडत आले आहेत. भीमेच्या वाळूने, उन्हाने आणि दोन्ही काठांच्या मोटारींनी आपापला वाटा घेतल्यावर उरलेल्यात सोलापूरला पाणी देणारा औजचा बंधारा भरतो. पाइपलाइनने थोडक्यात भागते, पण मग नदीकाठच्या बागांनी काय करावे? पाणी सोडल्याचे कळल्यावर नदीकाठची वीज तोडतील, म्हणून जनरेटर आधीच भाड्याने ठरवा.

पाणी फारच खाली गेले तर पळसदेवला गाडी काढा. बुडालेले पळसनाथाचे मंदिर तेव्हा उघडे पडते. फोटो घ्या, दुष्काळ फार असल्याचे लिहा आणि परतताना साखर कारखान्यावर उसाची नोंद लावून या.

पुढची चिंता पुण्याकडच्या घाटमाथ्याने करायची. तिथे मुसळधार लागली की दौंडवरून धरणात येणारा विसर्ग वाढतो आणि आपल्याकडे थेंब नसतानाही उजनी चढू लागते. तेव्हा मात्र चपळाई हवी. आधी स्टार्टरची पेटी काढा, मग केबल, पाइप शेवटी. उलटे केले तर पेटी धरणातच राहते.

मग जुलैत आडसाली ऊस लावा. ८६०३२ जातीचे बेणे आताच सांगून ठेवा. अठरा महिन्यांचे पीक आहे, म्हणजे पुढचा उन्हाळा पुरता यातच जातो, आणि ऐन मे महिन्यात त्याला पाणी सर्वांत जास्त लागते. ड्रम टाकून देऊ नका.