मज्जा आहे बुवा तुझी!

"डोंगरात राहतोस? मज्जा आहे बुवा तुझी!" हे अजून एकदा कुणी म्हणालं ना, तर त्याला ऐन पावसाळ्यात इथे आणून ठेवीन. सहा महिने!

म्हणे शुद्ध हवा. अहो, शुद्ध आहे, पण आहे किती? २,००० मीटरवर हवेचा दाब पाचव्या हिश्शाने कमी. पाणी ९३ अंशांनाच उकळतं आणि पातेल्यातलं शिजता शिजत नाही. चार दिवस दोरीवर असलेली पँट हातात घ्या, ओलीच! बुटांना बुरशी, कपाटाला बुरशी, लग्नाच्या अल्बमलासुद्धा (तो तसा कोण बघतं म्हणा).

दरड कोसळली की रस्ता बंद. दवाखान्यातले विशेषज्ञ? खाली. मोटारीचा सुटा भाग? खाली. सगळं जग खाली, आणि मी वर धुक्यात मोबाइल उंच धरून रेंज शोधतोय! सपाट जमीन म्हणाल तर घरातली फरशी तेवढी. गॅसचा सिलिंडर ८० पायऱ्या चढवताना कुठला सूर्योदय दिसतो हो?

आणि परवा लगेच मेसेज, "शनिवारी येतोय, आम्ही सातजण. गरम पाणी असतं ना रे चोवीस तास?"