रेंज फुल, नेट ठप्प

अवी म्हणाला, "फाइव्ह-जी आलंय. आता डेटा कितीही वाढू दे, नेटवर्क पुरून उरेल."

मास्तरांना हे मुळीच पटलं नाही. "हिशेब कर. फोर-जीच्या २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात १०० रिसोर्स ब्लॉक, म्हणजे फ्रिक्वेन्सीचे वाटायचे तुकडे. टॉवरमधला वाटप करणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेड्यूलर, दर मिलिसेकंदाला तेच सगळ्यांत वाटतो. १५० एमबीपीएस मिळणार तो टॉवरसमोरच्या एकट्या फोनला. गर्दीत हर्ट्झमागे सेकंदाला सरासरी दोन बिट धर. म्हणजे सगळ्यांत मिळून ४० एमबीपीएस. अडीच एमबीपीएसचे १६ व्हिडिओ चालले की सेक्टर, म्हणजे टॉवरची त्या दिशेची बाजू, भरला."

"पण मास्तर, रेंज तर फुल दिसते!"

"रेंज म्हणजे सिग्नलचा जोर. ब्लॉक किती मोकळे आहेत, ते त्यात कुठे कळतं?"

नीताने खरी गोम सांगितली. टॉवरजवळच्या फोनला ६४-क्वाम ही दाट भरणीची पद्धत मिळते, सिम्बॉलमागे, म्हणजे सिग्नलच्या एका ठोक्यामागे, ६ बिट. कडेला, दोन भिंतींआड बसलेला क्यूपीएसके या विरळ पण दणकट पद्धतीवर उतरतो. तिथे २ बिट, त्यातलेही बरेच चुका दुरुस्त करण्यात जातात. तोच व्हिडिओ त्याला पोचवायला तिपटीहून जास्त ब्लॉक लागतात, आणि ते बाकीच्यांच्या वाट्यातून जातात.

"मग पॉवर वाढवा की!"

मास्तर म्हणाले, "सिग्नल दुप्पट केलास तरी हर्ट्झमागे फार तर एक बिट वाढतो. वर शेजारच्या सेलमध्ये, म्हणजे शेजारच्या टॉवरच्या टापूत, गोंगाट. आणि फोनचं काय? तो बोलणार २०० मिलिवॅटवरच."

अवीचा पुढचा मुद्दा मात्र बिनतोड होता. ३.५ गिगाहर्ट्झला १०० मेगाहर्ट्झचा सलग पट्टा मिळाला तर २७३ ब्लॉक, तेही फोर-जीच्या दुप्पट रुंद. शिवाय ६४ ट्रान्समीटरचा अँटेना वेगवेगळ्या दिशांना बीम, म्हणजे सिग्नलचे झोत, सोडून तेच ब्लॉक एकाच वेळी अनेक फोनना देतो. मास्तरांनी हे लगेच मान्य केलं. "पण ही फ्रिक्वेन्सी भिंतीत जास्त मरते, आणि लोक व्हिडिओ बघतात घरात बसून."

माझ्या मते घोडं अडतं ते टॉवरच्या पायथ्याशी. तीन सेक्टर मिळून दोन-तीन गिगाबिट द्यायला तयार, आणि टॉवरला मागच्या नेटवर्कशी जोडणारी काही शे एमबीपीएसची जुनी मायक्रोवेव्ह (बिनतारी) लिंक! सेल लहान करून दाटीने बसवणं हाच खात्रीचा उपाय, पण त्या प्रत्येकाला खांब, वीज आणि फायबर किंवा तशीच वेगवान लिंक लागते. मागची लिंक जुनीच राहिली तर नवा रेडिओ लावून फारसा फरक पडत नाही.

"दोष कुठे आहे, ते ओळखायचं कसं?" अवीने विचारलं.

नीता म्हणाली, "एकाच खिडकीत, एकाच बँडवर रात्री ९ ला आणि पहाटे ४ ला स्पीड बघ. आरएसआरपी (सिग्नलचा जोर, डीबीएममध्ये) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, डीबीमध्ये) हेही टिपून ठेव. पहाटे पळतं, रात्री रखडतं, तर गर्दी. आरएसआरपी उणे ८० च्या आसपास आणि एसआयएनआर ५ च्या खाली, तर शेजारच्या सेलचा गोंगाट. दोन्ही चांगले असून पहाटेही स्पीड एकाच आकड्याला अडतो? मग आधी प्लॅनची मर्यादा बघ. ती नसेल, तर मागची लिंक तपासायला सांग."