धारवाडचे पेढे

आजारी पडायचंच असेल तर आधी आजार नीट निवडा. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला मणका शोभतो. पित्त चालतं. शुगरला तर पन्नाशीनंतर मान असतो. मूळव्याध जरा अवघड, पण तीही सुपरवायझरच्या कानात सांगता येते, आणि तो लगेच आपला वैद्य सुचवतो. डिप्रेशन मात्र घेऊ नका. रजेच्या अर्जात त्याला जागा नाही.

अर्जावरून आठवलं. आमच्या सीमाभागाचं भांडण १९५६ पासूनचं, सुप्रीम कोर्टातला दावाच २००४ चा. मराठीत नैराश्य म्हणतात, कन्नडात खिन्नते. हा शब्द तोंडातून काढायचा नाही, यावर मात्र दोन्हीकडच्यांचं एकमत आहे. ताप कुठल्याही भाषेत मंजूर होतो. तेव्हा अर्जात ताप लिहा. तीन महिने ताप कसा, असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर व्हायरल म्हणा.

पहाटे साडेतीनला जाग येऊन आढ्याकडं बघत पडलात तर घरी सांगा, फर्स्ट शिफ्टची सवय. व्हर्नियर हातात आहे, कास्टिंगचं माप तीनदा वाचून झालंय, आकडा समोर दिसतोय आणि तो वहीत लिहायला हात उचलत नाही, असं झालं तर चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणा. दोन आठवडे झाले तरी हेच चाललंय, भूक मेली, ज्या रविवारच्या मटणासाठी अख्खा आठवडा ओढायचा त्याचंही काही वाटेना, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. आपल्यात आळस म्हणतात. शब्द सुटसुटीत आहे, शिवाय त्यावर औषध घ्यावं लागत नाही. कंप्रेसरचा आवाज जरासा बदलला तरी मेंटेनन्सवाला धावत येतो; तुमचा आवाज बदललेला कुणाला कळू नये, याची काळजी तुम्हीच घ्यायची.

सुपरवायझर माणूस चांगला असतो. खांद्यावर हात ठेवून विचारतो, "काय झालंय गा तुला? पगार वेळेवर, पोरगं इंजिनिअरिंगला, आणि टेन्शन कसलं घेतोस?" यावर हसायचं. मग तो म्हणतो, "सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात दोन राउंड मार. सगळं जातंय बघ." याला होय म्हणायचं. ज्याला अंथरुणातून उठून चूळ भरायला पाऊण तास लागतो, त्यानं दोन राउंड कसे मारायचे, हा प्रश्न विचारायचा नाही. प्रेमानं सांगतोय तो.

१० ऑक्टोबरला तर चुकूनही गैरहजर राहू नका. त्या दिवशी जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. २०२४ साली त्याचा विषयच कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य हा होता, त्यामुळं कारखान्यांना फारच उत्साह आला. कार्यक्रम जेवणाच्या सुट्टीत होतो. पाहुणे डोळे मिटायला सांगतात, दीर्घ श्वास घ्यायला सांगतात, फोटो निघतो, द्रोणात चमचाभर कुंदा मिळतो, आणि कार्यक्रमापायी बुडालेली वीस मिनिटं संध्याकाळी भरून घेतली जातात.

बॅनरच्या कोपऱ्यात १४४१६ असा बारीक आकडा असतो. तो टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर, केंद्र सरकारनं २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेला. चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात. तुम्ही तो वाचूच नका. लावायचाच झाला तर परसात जाऊन लावा, आणि कुंपणापलीकडं काकू कढीपत्ता तोडत नाहीत ना, ते आधी बघा.

कायद्याच्याही फार नादी लागू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तुमचा आजार गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे, आणि विमा कंपनीनंही शरीराच्या आणि मनाच्या आजारांत भेद करायचा नाही. पण कायदा झाला दिल्लीत. औषधाच्या दुकानात काउंटरवर तुमच्या चुलतभावाचा मेहुणा असतो. त्याच्यापेक्षा गोळ्या न घेतलेल्या बऱ्या. घेतल्याच, तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात असं डॉक्टर बजावतील. तुम्ही चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून स्वतःच बंद करा. मनाच्या आजाराला तालुक्याच्या साध्या सरकारी दवाखान्यातही उपचार देता येतात, हे आपल्याच राज्यातल्या बळ्ळारी जिल्ह्यानं १९८० च्या दशकात दाखवून दिलंय; त्यावरूनच पुढं देशभराचा कार्यक्रम उभा राहिला. असू दे. बळ्ळारी लांब आहे.

धारवाड जवळ आहे, पण तिथली अडचण वेगळी. तिथं मनाच्या आजारांचं मोठं सरकारी इस्पितळ आहे, आणि आमच्याकडं कुणी जरा वेगळं बोललं की "ह्याला धारवाडला धाडा" म्हणून चहाच्या टपरीवर हशा पिकतो. सुदैवानं त्याच गावात पेढेही मिळतात. त्यामुळं जाताना पेढे आणायला निघालो म्हणायचं आणि येताना आठवणीनं अर्धा किलो आणायचे. दर महिन्याला पेढे कशाला, असं बायकोनं विचारलं तर साहेबांनी मागवलेत म्हणायचं.

(मला हे कसं माहीत, ते विचारू नका. मी पेढे आणायलाच गेलो होतो.)

गेल्या खेपेला बाहेरच्या बाकावर नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारचा माणूस फाईल मांडीवर पालथी घालून बसलेला. त्यानं मान वर केली, तर आमचे सुपरवायझर. दोघांनाही काही सुचेना. मग तेच आधी सावरले. म्हणाले, "काय ओ, इथं पेढ्याचं दुकान कुठं आहे?"

मी म्हटलं, "मीपण तेच शोधतोय."